नाशिकच्या एमजी रोडचं मोबाईल रिपेअरचं दुकान: काम चोख, आणि मार्केट शेअरचा वाद काकांनी ड्रॉवर उघडून दाखवला

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार बिलासाठी कापलाय, ते पुढे येईलच.

एमजी रोडला मोबाईलची दुकानं ढीगभर आहेत, कव्हर, ग्लास, चार्जर तर पावलापावलावर मिळतात, पण फोन उघडून टेबलावर पडलाय आणि आपण निवांत चहा प्यायला गेलोय एवढा विश्वास वाटावा अशी दुकानं फार थोडी. हे त्यातलं एक. प्रधान पार्कच्या बाजूच्या गल्लीत आत आहे, दोन गिऱ्हाईकं उभी राहिली की दुकान भरलं. मालक काऊंटरवर बसतात, सगळे त्यांना काकाच म्हणतात, आत त्यांचा भाचा मायक्रोस्कोपखाली बोर्डचं काम करतो. नोकियाच्या जमान्यापासून इथेच आहेत.

आम्ही दोन फोन घेऊन गेलो होतो. एक आईचा, अँड्रॉइड, ऑनलाईन सेलमध्ये घेतलेला, ओट्यावरून पडला आणि डिस्प्ले काळा झाला. कंपनीचं नाव इथे घेत नाही. दुसरा पुतण्याचा आयफोन 11, सेकंडहँड, काच फुटलेली आणि खालच्या बाजूला टच चालत नव्हता. सोबत पुतण्या स्वतः आणि त्याचे वडील, म्हणजे माझा मोठा भाऊ, निफाडकडची आमची द्राक्षाची बाग तोच बघतो.

गाडी लावायला जागा शोधतानाच बापलेकांचं जुंपलं होतं. दादाचं म्हणणं, शंभरातले पंच्याण्णव लोक अँड्रॉइड वापरतात, ते काय वेडे आहेत का, तुझ्या फोनचे पार्ट नाशकात कोण ठेवणार, बस आता महिनाभर वाट बघत. पुतण्याचं म्हणणं, पप्पा, तुम्ही डोकी कशाला मोजता, पैसे कोण कमावतंय ते बघा ना, अख्ख्या जगातल्या स्मार्टफोन धंद्याचा निम्म्याहून जास्त नफा एकटी ॲपल घेऊन जाते, मग सक्सेसफुल कोण?

आणि दोघांचेही आकडे बरोबर आहेत. भारतात वापरात असलेल्या फोनमध्ये अँड्रॉइड पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास, आयफोन चार-पाच टक्के. जगात बघितलं तर अँड्रॉइड सत्तरच्या थोडं वर आणि आयफोन पाव भागाच्या जरा पुढे, अमेरिकेत आणि जपानमध्ये तर निम्म्याहून जास्त लोकांच्या हातात आयफोनच. नफ्याचं पण खरंय. ॲपवर लोक जो पैसा खर्च करतात तोही ॲपलच्या स्टोअरवर प्ले स्टोअरच्या जवळजवळ दुप्पट, डाउनलोड कितीतरी कमी असून. म्हणजे एकच बाजार, आणि कोणता आकडा धरला त्यावर जिंकणारा बदलतो.

काकांनी दोन्ही फोन बघितले, काही न बोलता मागे वळले आणि ड्रॉवर ओढला. आत प्लास्टिकच्या छोट्या डब्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर मार्करने मॉडेलचं नाव. आयफोन 11 ची डबी नव्हतीच, त्याला अख्खा कप्पा होता, फोमच्या पाकिटात उभे लावलेले डिस्प्ले, तीन भावाचे, साधी कॉपी, त्याच्या वरची, आणि दुसऱ्या फोनमधून काढलेला ओरिजिनल. पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग आईच्या फोनचं मॉडेल विचारलं, दोन ड्रॉवर चाळले, त्याच कंपनीच्या चार-पाच डब्या निघाल्या पण त्या नंबरची एकही नाही. "हे मॉडेल चाललं नाही," काका म्हणाले, "मुंबईला फोन लावतो, मिळालं तर मिळालं."

दादा म्हणाला, अहो पण अँड्रॉइड आहे ना हा.

तर काकांनी जे सांगितलं ते मी आजवर कुठल्या यूट्यूबवाल्याकडून ऐकलं नव्हतं. म्हणाले, अँड्रॉइडचा डिस्प्ले असा काही प्रकार नसतो. डिस्प्ले मॉडेलचा असतो. एकेक कंपनी वर्षाला डझनावारी मॉडेल काढते, नावात एक अक्षर बदललं की आतला फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले, बदलतो, चार्जर लावायच्या पिनचा बोर्ड बदलतो, म्हणजे ते पंच्याण्णव टक्के शेकडो मॉडेलमध्ये वाटले जातात आणि त्यातल्या एखाद्या न चाललेल्या मॉडेलच्या वाट्याला किती येत असेल विचार करा. आयफोनची मॉडेल वर्षाला चार-पाच, आणि हा 11 नंबर 2019 च्या सप्टेंबरला आला तो ॲपलने 2022 पर्यंत विकला, त्यानंतर सेकंडहँडमध्ये अजून फिरतोच आहे. त्यामुळे नाशकात चार टक्के असला तरी त्याचा पार्ट विकला जाणार ही काकांना खात्री, म्हणून पैसे गुंतवून कप्पा भरून ठेवलाय. रेडमीची, सॅमसंगच्या ए सिरीजची जी मॉडेल तुफान चालली त्यांचे पण कप्पे आहेत, ते त्यांनी दाखवले. म्हणजे पार्टसाठी शेअर बघायचाच असेल तर मॉडेलचा बघा, प्लॅटफॉर्मच्या आकड्याचा तिथे काही उपयोग नाही.

मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे फोन घेताना जो तो हेच सांगतो, नंबर वन ब्रँड आहे, बिनधास्त घे. आणि नंबर वन कोण हे ठरतं कसं? बातमीत दर तीन महिन्यांनी जे आकडे येतात ते बहुतेक शिपमेंटचे असतात, म्हणजे कंपनीने डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदाराकडे किती पेट्या पाठवल्या. त्या पेट्या गिऱ्हाईकाच्या हातात गेल्या का, गेल्या तर किती वर्षं टिकल्या, हे त्यात येत नाही. दोन वर्षांत टाकून द्यावा लागणारा फोन शेअरच्या आकड्यात दोनदा मोजला जातो, पाच वर्षं चालणारा एकदाच. हे लक्षात घेतलं की पुढची बातमी वाचताना माणूस जरा थांबतो. वेबसाईटवर कुठल्या फोनवरून किती लोक आले यावरून काढलेला आकडा वेगळा, तो वापराच्या जास्त जवळ जातो, मी वर दिलेले टक्के त्याच प्रकारातले आहेत.

मोजणारा बदलला की निकाल बदलतो याचं आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. फोनच्या बाजाराचे आकडे काढणाऱ्या कॅनालिस आणि आयडीसी अशा दोन कंपन्या. 2014 च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिसने मायक्रोमॅक्सला 22 टक्के देऊन सॅमसंगच्या पुढे पहिल्या नंबरवर ठेवलं होतं, आणि त्याच तिमाहीला आयडीसीच्या मोजणीत सॅमसंगच पुढे. तेव्हा काय अभिमान वाटला होता, भारतीय कंपनी नंबर वन! काका सांगत होते की मायक्रोमॅक्सच्या कॅनव्हास फोनचे फोल्डर त्या काळात खोक्याने यायचे, संध्याकाळपर्यंत संपायचे. मग फोर जी आलं, चिनी कंपन्या आल्या, 2017 संपेपर्यंत शाओमी वर जाऊन बसली आणि मायक्रोमॅक्स पहिल्या पाचातून पण गेली. आता त्या ड्रॉवरमध्ये कॅनव्हासची एक डबी नाही.

नोकियाचं तर याहून मोठं. 2007 मध्ये जगात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनपैकी साठ टक्क्यांच्या वर सिम्बियनवाले होते, म्हणजे नोकिया वापरायची त्या सिस्टीमवर चालणारे. साठच्या वर! त्याच वर्षी जानेवारीत आयफोन दाखवला गेला, पुढच्या वर्षी पहिला अँड्रॉइड फोन आला, 2010 संपताना अँड्रॉइड सिम्बियनच्या पुढे निघून गेला आणि 2011 च्या फेब्रुवारीत नोकियाने स्वतःच सिम्बियन सोडून मायक्रोसॉफ्टचा हात धरला. म्हणजे शिखरावरून उतरायला चार वर्षं पण लागली नाहीत. 2007 ला कोणी एमजी रोडला उभं राहून विचारलं असतं तर अख्ख्या रस्त्याने नोकिया सांगितलं असतं, आणि त्या दिवसापुरतं ते खरंही होतं. शेअर म्हणजे कालपर्यंत काय झालं त्याचा हिशोब आहे, उद्याचं त्यात काही नसतं.

मग शेअर बघायचाच नाही का? बघायचा. यावर पुतण्या आणि माझं जरा वाजलं, कारण तो म्हणे नफाच खरा. मी त्याला बायकोच्या लुमिया 520 चं सांगितलं, नोकियाचा फोन, आत मायक्रोसॉफ्टचं विंडोज. विंडोज फोनमध्ये सगळ्यात जास्त खपलेलं मॉडेल हेच. एवढ्याशा रॅममध्ये लोण्यासारखा चालायचा, त्या किमतीत तेव्हाचे अँड्रॉइड अडकत अडकत चालायचे, होमस्क्रीनवरच्या त्या हलत्या चौकोनांत मेसेज, कॅलेंडर सगळं न उघडता दिसायचं. मी आजही म्हणेन की तेवढ्या पैशात इतका नीटस फोन परत आला नाही. पण जगात विंडोज फोनचा हिस्सा तीन-चार टक्क्यांच्या पुढे गेलाच नाही, म्हणून ॲप बनवणारे त्याच्याकडे शेवटी बघायचे किंवा बघायचेच नाहीत, ॲप नाहीत म्हणून लोक घेईनात, लोक घेईनात म्हणून ॲप येईनात. मायक्रोसॉफ्टने 2014 मध्ये नोकियाचा फोनचा धंदा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी त्यापोटी 7.6 अब्ज डॉलर बुडीत म्हणून लिहून टाकले. 2019 च्या शेवटी व्हॉट्सॲपने विंडोज फोनवर काम करणं बंद केलं आणि आपल्याकडे व्हॉट्सॲप बंद म्हणजे फोन बंदच की. बायकोला चांगला चालणारा फोन कपाटात ठेवावा लागला. सिम्बियन आणि ब्लॅकबेरीचं व्हॉट्सॲप 2017 लाच गेलं होतं.

तेव्हा माझं मत असं झालंय की प्लॅटफॉर्मला तग धरण्याएवढा हिस्सा पाहिजेच, त्याच्या खाली गेला की कितीही सुंदर असो, संपला. पण त्या रेषेच्या वर गेल्यावर सत्तर आहे का सत्तावीस याने तुमच्या-माझ्या हातातल्या फोनला काडीचा फरक पडत नाही. आणि ती रेषा नाशकात किंवा भारतात मोजायची नाही, जगात मोजायची. आपल्याकडे आयफोन चार टक्के म्हणजे लुमियाएवढाच झाला, तरी बँकेचं ॲप, यूपीआय, सगळं त्याच्यावर वेळेत येतं, कारण बाहेर त्याचा पाव हिस्सा आहे आणि ते गिऱ्हाईक पैसे खर्च करणारं आहे. पुतण्याचा नफ्याचा मुद्दा मला इथपर्यंतच मान्य. ॲपलचा नफा ॲपलच्या खिशात जातो, आपल्याला त्यातून एवढंच हवं की फोनला वर्षानुवर्षं अपडेट यावेत. ते येतात हे कबूल करावं लागेल, 2015 चा आयफोन 6 एस आयओएस 9 घेऊन आला आणि 2021 च्या आयओएस 15 पर्यंत गेला. अँड्रॉइडमध्ये हे फार उशिरा सुरू झालं, गुगलने 2023 ला पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने 2024 ला एस 24 पासून सात वर्षांचं कबूल केलं, आणि तेही महागात. आईच्या फोनला दोन अपडेट आले आणि मग कंपनी गप्प. नंबर वन प्लॅटफॉर्मवर असूनही.

आता दादाची बाजू, कारण ती पण तेवढीच मनापासून मांडायची आहे. पंच्याण्णव टक्के या आकड्याचा मला खरा अर्थ वाटतो तो एमजी रोडला नाही, गावाकडे कळतो. सहा-सात हजारात अँड्रॉइड मिळायला लागले म्हणून आमच्या वस्तीवरच्या प्रत्येक घरात स्मार्टफोन आला. ई-पीक पाहणीचं ॲप 2021 पासून राज्यभर सुरू झालं, बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर नोंद करायची, ते जमतंय ते या स्वस्त फोनच्या जोरावर. पावसाचा अंदाज, फवारणीचं शेड्यूल, पिंपळगावला आज टोमॅटोला काय भाव निघाला, सगळं त्याच्यावर. आईला टाइप करता येत नाही, ती बोलते आणि फोन मराठीत लिहितो, गुगलने 2017 मध्ये मराठीत बोलून लिहायची सोय आणली तेव्हापासून ती आत्याला मोठमोठे मेसेज पाठवते. हे यश आहे आणि मोठं यश आहे, मी त्याला कमी लेखणार नाही. फक्त ते यश स्वस्ताईचं आणि पोहोचण्याचं आहे, त्यावरून फोन चांगला आहे असं अनुमान काढू नका.

आणि अजून एक, हा सगळा हिस्सा लोकांनी निवडूनच दिलाय असंही नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने गुगलला 1,337.76 कोटींचा दंड ठोकला, कारण प्ले स्टोअर हवं असेल तर फोन कंपन्यांना गुगलची ॲपची अख्खी मोट आधीपासून फोनमध्ये टाकावी लागत होती. 2023 च्या मार्चमध्ये अपिलातही तो दंड कायम राहिला. त्या प्रकरणानंतर भारतात सर्च इंजिन निवडायची सोय द्यायला गुगल तयार झाली. एवढा मोठा हिस्सा एकाकडे असला की गिऱ्हाईकाला तो विचार पण करावा लागतो, माझ्यापुढे दुसरं काही होतं का?

बरं, कामाबद्दल. आयफोनला आम्ही मधल्या दराचा डिस्प्ले टाकला. आवडलेली गोष्ट ही की काकांनी टाकायच्या आधीच सांगितलं, सेटिंगमध्ये पार्ट ओळखता येत नाही असा मेसेज दिसणार, तो बघून उद्या भांडायला येऊ नका, आणि ट्रू टोन, म्हणजे आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग बदलण्याची सोय, जुन्या डिस्प्लेवरून मशीनने कॉपी करून देतो. तसंच झालं. रंग ओरिजिनलपेक्षा किंचित निळसर वाटतात, उन्हात जरा कमी दिसतं, बाकी टच एकदम व्यवस्थित. फोन उघडताना पुतण्याला समोर बसवलं, पासकोड मागितला नाही, काम झाल्यावर त्यालाच टाकायला लावला. स्क्रू चुंबकाच्या पाटावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडलेले होते, कॅमेऱ्याचे आणि बोर्डाचे वेगळे, कारण आयफोनमध्ये लांब स्क्रू चुकून दुसऱ्या भोकात गेला तर बोर्ड जातो. भाच्याचा हात बघत राहावा असा आहे.

आईचा डिस्प्ले मुंबईहून यायला आठवड्याच्या वर गेला. आल्यावर तोही आधी नुसता जोडून, चिकटवण्याआधी, आईला कोपऱ्याकोपऱ्यात बोट फिरवायला लावलं. आठवडाभर ती मेसेजवाचून होती त्याचं वाईट वाटलं पण त्यात दुकानाचा दोष नाही. काकांनी अ‍ॅडव्हान्स पण घेतला नव्हता. दर एमजी रोडच्या मानाने मध्यम आहेत, बाहेरच्या बाजूला रस्त्यावर याहून स्वस्त मिळेल, पण तिथे कुठली कॉपी टाकली हे कोणी सांगत नाही. इथे तिन्ही हातात देतात आणि निवडायला लावतात.

तक्रारी दोन. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितल्यावर पण साध्या पावतीवर लिहून देतात, त्यावर कुठल्या ग्रेडचा पार्ट टाकला ते मी आग्रह केल्यावर लिहिलं. तीन महिन्यांची वॉरंटी तोंडी सांगतात, ती छापलेली पाहिजे. इतकं प्रामाणिक काम करणाऱ्यांनी ते कागदावर पण आणावं. दुसरं पार्किंगचं, त्याला दुकान काही करू शकत नाही, संध्याकाळी गाडी घेऊन जाऊच नका, सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडला, उतरा आणि चालत या.

फोन घ्यायच्या आधी पण काकांकडे एक चक्कर मारा असं मी आता ओळखीतल्या सगळ्यांना सांगतोय. मॉडेलचं नाव सांगा आणि विचारा याचा फोल्डर तुमच्याकडे आहे का, नसेल तर किती दिवसात येतो. ते खरं सांगतात, विकायला त्यांच्याकडे नवीन फोन नाहीतच. दादाने तेच केलं, दोन मॉडेलची नावं टाकली, एकाला काका नको म्हणाले, दुसऱ्याचा ड्रॉवर उघडून दाखवला, तो आईसाठी घ्यायचं ठरलंय. सकाळी अकरानंतर उघडतं, दुपारी जेवणाला अर्धा तास शटर अर्धं खाली असतं तेव्हा आवाज दिला तरी चालतो. जाताना फोटो आणि कॉन्टॅक्टचा बॅकअप घेऊन जा आणि सिम काढून स्वतःकडे ठेवा.